ओलं पोतं आणि काळा पेला

उदगीरहून देवणीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात मारोती सोनकांबळेला नुसतं मारोती कुणी म्हणत नसे. गारमारोती म्हणत. एक तर त्याच्या ताब्यात सरकारचा असा एक जार होता, की त्याचं झाकण काढलं की भर उन्हाळ्यात पांढरी वाफ बाहेर लोळत यायची. आणि दुसरं म्हणजे हा माणूस कधी तापतच नसे. बस चुकली, हा गार. साहेब ओरडला, हा गार. गाईनं लाथ मारून गुडघा सुजवला तरी हा गुडघा चोळत गाईलाच विचारणार, "झालं समाधान?" जन्मात तो एकदाच तापला, आणि तेही ज्या माणसावर तापायला नको होतं त्याच्यावर. त्याचीच ही गोष्ट आहे.

मारोती जनावरांच्या दवाखान्यातल्या रेतन केंद्रात परिचर होता. केंद्र म्हणजे दोन पत्र्याच्या खोल्या आणि गाय उभी करायचा लाकडी खोडा. आतल्या खोलीत तो जार. त्यात पातळ केलेला नायट्रोजन, शून्याखाली एकशे शहाण्णव अंश थंड. त्या थंडाव्यात जातिवंत वळूंचं रेत बारीक कांड्यांमध्ये भरून ठेवलेलं असायचं. गाय माजावर आली की खेड्यातून निरोप यायचा, मग मारोती लहान कॅनमध्ये नायट्रोजन घेऊन, त्यात कांडी बुडवून, सायकलला अडकवून डॉक्टरांच्या मागोमाग निघायचा.

जारमध्ये किती उरलंय हे बघायला काटा नव्हता, काच नव्हती. हातभर लांबीची एक लाकडी पट्टी होती. ती तळापर्यंत बुडवायची, दहा आकडे मोजायचे, वर काढायची आणि हवेत हलवायची. जिथपर्यंत नायट्रोजन असेल तिथपर्यंत पट्टीवर पांढरं दव धरतं. पण त्या साली हवा इतकी कोरडी झाली होती, की दवसुद्धा धरेना. मग मारोती पट्टीवर तोंडानं हळूच वाफ सोडायचा, तेव्हा कुठं पांढरी रेघ उमटायची. ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती.

छप्पन साली त्याच्या बापानं दीक्षा घेतली, तेव्हा मारोती बारा वर्षांचा होता. त्याआधी गावात जनावर मेलं की बापाला हाक यायची, ओढून न्यायला. बापानं ते काम त्या साली सोडलं ते सोडलंच. दोन वर्षं गावानं बोलणं टाकलं तरी दोराला हात लावला नाही. आणि पोरगा नेमका जनावरं जन्माला घालायच्या खात्यात लागला. ज्या गोठ्यांच्या दारातून बापाला मेलेलं ढोर ओढायला बोलवायचे, त्याच गोठ्यांतून पोराला निरोप यायला लागले, "मारोतीराव, लवकर या, गाय थांबायची न्हाई." मारोतीला याची मजा वाटायची आणि अभिमानही वाटायचा. तो दोन्ही लपवायचा नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. जिल्हा झाला त्या दिवशी गावात पेढे वाटले होते. लातूरला कचेऱ्या उघडल्या, पाट्या रंगल्या, नकाशे नवे आले. पाऊस मात्र जुन्या नकाशावरच फिरत असावा, कारण शहाऐंशी आणि सत्त्याऐंशी अशी लागोपाठ दोन सालं तो या बाजूला फिरकला नाही. आडं कोरडी पडली. दोन दिवसांआड टँकर यायचा आणि घराला दोन घागरी मिळायच्या. हाळीच्या बाजारात बैलांच्या रांगा लागल्या, त्या घ्यायला कमी आणि विकायला जास्त.

शिवप्पा नावाच्या शेतकऱ्याचा सोन्या त्याच उन्हाळ्यात गेला. देवणी जातीचा वळू, पांढरं अंग, काळं तोंड, चालायला लागला की लोक दुकानाच्या पायरीवरून उठून बघायचे. चारा संपला, मग पाण्याचे हाल, मग तो बसला तो उठलाच नाही. त्याच्या रेताच्या कांड्या खात्यानं पूर्वी काढून ठेवल्या होत्या, पण त्या इकडं तिकडं वाटल्या गेल्या, वापरल्या गेल्या. उरल्या त्या एकतीस, मारोतीच्या जारमध्ये. शिवप्पा दर आठ दिवसांनी तीन कोस चालत यायचा आणि दारातूनच विचारायचा, "हाय का माझा सोन्या?"

मारोती पट्टी बुडवायचा, दहा मोजायचा, वर काढून तोंडाची वाफ द्यायचा आणि पांढरी रेघ दाखवायचा. "हाय."

एवढं ऐकून शिवप्पा परत तीन कोस चालत जायचा. पाच बोटांच्या खाली रेघ गेली तर कांड्यांची डोकी उघडी पडणार आणि सोन्या दुसऱ्यांदा मरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अशात एक दिवस लुनावरून सिद्धलिंग सर आले. उदगीरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. वय तिशीतलं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी केंद्रातल्या शेषेराव डॉक्टरांकडं थोडा नायट्रोजन मागितला. डॉक्टर म्हणाले, "न्या की! गाई निम्म्या विकल्या गेल्यात, निरोप येईनात. पंधरवड्याला नांदेडहून गाडी येते, भरून जाते आणि आमचं नुसतं उडून जातं. जारमध्ये पाच बोटं ठेवून वरचं न्या. पण हात मारोती लावेल, दुसरं कुणी नाही."

मारोतीला हे पटलं नव्हतं. गाईसाठीची गोष्ट मास्तर नेणार कशाला? पहिल्या दिवशी कॅन घेऊन तो स्वतःच उदगीरला गेला, खरं तर पाळत ठेवायलाच गेला.

सरांनी त्याला एक काळा पेला दाखवला. चहाच्या टपरीवरच्या पेल्याहूनही लहान, विटेसारखा खरखरीत. तीन तऱ्हेच्या भुकट्या, त्यात एक तांब्याची, खलात तासन्‌तास घोटून, साच्यात दाबून, भट्टीत भाजून तो केला होता. वर्षभरात असे अकरा पेले केले, त्यातले चांगले निघाले चार.

"आत्ता ही नुसती माती आहे, मारोतीराव," सर म्हणाले. "पण तुमच्या नायट्रोजनमध्ये बुडाली की तिचा स्वभाव बदलतो. तिच्यातून वीज अजिबात न अडखळता वाहते. म्हणून तिला अतिवाहक म्हणतात. मग तिच्याजवळ चुंबक आणा, तिच्या अंगावर आपोआप वीज खेळायला लागते आणि चुंबकाचा जोर बाहेरच्या बाहेर परतवते. पेल्याच्या आत चुंबकाला प्रवेश नाही."

"लोखंडाचा डबा घेतला तर?"

सर त्याच्याकडं बघतच राहिले. हा प्रश्न त्यांच्या वर्गात आजवर कुणी विचारला नव्हता. "लोखंड चुंबकाचा जोर आपल्या अंगात ओढून घेतं. थोडाफार आत झिरपतोच. हा पेला ओढून घेत नाही, सरळ परतवतो."

मग त्यांनी करून दाखवलं. पेल्याबाहेर तारेचं एक वेटोळं, पेल्याच्या आत दुसरं लहान वेटोळं. बाहेरच्या वेटोळ्यात बॅटरीवरच्या डबीतून उलटसुलट वीज सोडली, की त्यातून चुंबकाचा जोर पेल्यात शिरायचा आणि आतल्या वेटोळ्याला जोडलेल्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज यायचा. घूंऽऽऽ. जोर आत जाणं थांबलं, की आवाज थांबणार. सरांनी पेल्यावर नायट्रोजन ओतला. फसफस झाली, वाफा झाल्या, आवाज बारीक होत होत बंद पडला आणि त्याच क्षणी टक्‌ असा दुसरा आवाज आला. पेला तडकला होता.

सर मटकन स्टुलावर बसले. चारातला एक गेला. पुढच्या महिन्यात दुसरा तसाच गेला, तेव्हा मारोतीला मास्तरची कीव यायला लागली आणि मग त्याच्यावर जीवही जडला. आपण कांडी कशी हळू बुडवतो, हा माणूस भसाभस ओततो, असं त्याच्या मनात आलं होतं. पण शिकलेल्या माणसाला कसं सांगायचं म्हणून तो गप्प बसला. ही त्याची चूकच होती, त्यानं पुढं स्वतःच ती कबूल केली.

एकदा सरांनी दोन काळ्या पट्ट्या समोरासमोर ठेवून मध्ये बारीक फट सोडली आणि चुंबकाचा जोर त्या फटीतून कसा दाटून जातो ते समजावलं. मारोती म्हणाला, "म्हंजे दारं धरल्यावानी. दोन्हीकून माती लावायची, पाणी बरोबर पाहिजे त्या सरीत जातंय." सरांनी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. एवढं सगळं कशासाठी, तर माणसाच्या काळजातून आणि मेंदूतून चुंबकाचा फार म्हणजे फारच थोडा जोर निघतो. भोवतालचा गोंगाट अडवला तर तो ऐकता येतो, आणि दुखणं न चिरता कळतं. या काळ्या मातीची, माणूस आत मावेल अशी एक मोठी नळी आपल्या भागात करावी, हे सरांच्या मनात होतं.

त्यासाठी प्रयोगशाळा हवी होती. ती द्यायची की नाही हे बघायला तीन जणांची समिती यायची होती. एकच दिवस, एकच भेट. आवाज बंद पडताना दिसला तर प्रयोगशाळा, नाही तर सरांची प्रयोगाची खोली कॉलेजनं खेळाच्या सामानासाठी आधीच मागितली होती.

आणि नेमकी त्याच पंधरवड्यात नांदेडहून येणारी गाडी आली नाही. तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. चार दिवस लागतील, असा निरोप आला. मारोतीनं पट्टी घातली. सात बोटं. वरची दीड बोटं त्यानं लहान कॅनमध्ये काढून घेतली. समिती उद्या सकाळी यायची, पहिली बस त्याच्या घरासमोरूनच सुटायची, म्हणून त्यानं कॅन दुपारी घरी आणला, पत्र्याच्या सपरातल्या बाजेवर ठेवला, बुचाचं झाकण सैल बसवलं आणि जेवून जरा आडवा झाला.

सरजाबाईनं, त्याच्या बायकोनं, तो कॅन कधी इतक्या जवळून बघितला नव्हता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पत्र्याखाली भांडं तापणार, नवऱ्याची सकाळपासूनची मेहनत जाणार, असं तिला वाटलं. थंड वस्तू थंड कशी ठेवायची हे तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? पाणी होतं तेव्हा रांजणाला ती रोज ओलं पोतं गुंडाळायची. जत्रेतला बर्फवालासुद्धा लादीवर ओलं पोतंच टाकतो. घरात दीड घागर पाणी उरलेलं, टँकर परवा. तिनं आपल्या वाट्याचा तांब्या घेतला, पोतं भिजवलं, नीट पिळलं आणि झाकणासकट कॅनवर घट्ट लपेटलं. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तहान मारायची ठरवून भाकरीच्या पिठाला लागली.

नायट्रोजन सतत थोडा थोडा उडत असतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून झाकण सैल ठेवतात. ओल्या पोत्यातलं पाणी झाकणाच्या कडेनं उतरलं, तिथंच त्याचा बर्फ झाला आणि वाट बुजली. तास दोन तास आत जोर साठत गेला. मग धडाम्‌ झालं. बूच पोत्यासकट पत्र्यावर आदळलं, कॅन बाजेवरून खाली पडला आणि वाफेचा लोट अंगणभर पसरला. कोंबड्या पळाल्या. मारोती धडपडत उठला आणि कॅन उभा केला. तळाला चमचाभर उरलं होतं, तेही बघता बघता उडालं.

"काय केलंस हे?" तो ओरडला. सगळ्या गल्लीनं ऐकलं. "तुला कुणी हात लावाय सांगितलं व्हतं? अक्कल हाय का न्हाई?"

सरजाबाईनं खाली पडलेलं पोतं उचललं. ते लाकडासारखं कडक झालं होतं. ते छातीशी धरून ती आत गेली. मारोतीनं रांजणाजवळ उपडा पडलेला तिचा तांब्या बघितला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. पण शब्द सुटून गेला होता.

त्यानं सायकल काढली आणि उदगीर गाठलं. सरांना एवढंच सांगितलं, "कॅन माझ्या हातून सांडला."

सरांनी चष्मा काढला. तो पुसता पुसता म्हणाले, "मोठ्या जारमध्ये आहे ना थोडं?"

"साडेपाच बोटं हाय."

"त्यातलं दोन बोटं..."

"त्यात सोन्या हाय, सर."

सरांना सोन्या माहीत होता. बळजबरी केली नाही, डॉक्टरांकडं गेले नाहीत, की तुमचा एक बैल मोठा का माझं वर्षभराचं काम मोठं असंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मारोतीला नाही म्हणायला सोपं गेलं असतं. तो परत निघाला.

वाटेत उतरणीला त्याला ते सुचलं. इतकी साधी गोष्ट, की त्याला स्वतःचाच राग आला. आपण कांडीवर कधी नायट्रोजन ओततो का? कांडीच जारमध्ये सोडतो. आधी गळ्याजवळच्या वाफेत धरायची, मग जरा खाली, मग तळाला. ओतायची गरजच काय? पेलाच सोडला तर? गार वाफ तर अशीही उडूनच जाते. तिच्यावरच पेला निम्माअधिक गार होईल, आणि हळू झाल्यामुळं तडकणारही नाही. त्यानं सायकल वळवली आणि चढण परत चढला.

सरांनी ऐकलं. पट्टीनं पेला मोजला, जारचं तोंड विचारलं. "तीन बोटं रुंद," मारोती म्हणाला. तारेच्या वेटोळ्यासकट पेला जेमतेम अडीच बोटांचा होता. सर हसायला लागले आणि मग एकदम थांबले. "पण जार इथं आणायचा म्हणजे..."

"जार हलवायचा न्हाई. हिंदकळला तर अर्धं बोट जातंय. समितीलाच तिकडं आणा."

म्हणून दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला नव्या जिल्ह्यातली ती विद्वान समिती जीपमधून शेणाच्या वासात उतरली. तिघांपैकी प्रमुख होते ते किशनराव, पांढऱ्या केसांचे, नांदेडकडचे, कडक म्हणून नाव असलेले. रुमाल नाकाला लावून ते म्हणाले, "आम्हाला प्रयोगशाळा बघायची होती."

"आज हीच आहे, सर," सिद्धलिंग सर म्हणाले.

शिवप्पाही आला होता. आठ दिवसांची त्याची पाळी होती. आणि खोड्याच्या मागं सरजाबाई उभी होती. पेला बाहेर काढल्यावर थोडा वेळ गार राहायला हवा, त्याला कापूस लागेल, असं मारोती सकाळी घरात भिंतीकडं बघून बोलला होता. तिनं आपली उशी उसवली होती आणि कापूस घेऊन मागोमाग चालत आली होती.

मारोतीनं आधी पट्टी घातली. साडेपाच बोटं. त्यानं ती शिवप्पाला दाखवली, समितीला नंतर. मग कापसात गुंडाळलेला पेला दोरीला बांधून जारच्या तोंडाशी धरला. स्पीकर घूंऽऽऽ करत होता. त्यानं पेला टिचभर खाली सोडला आणि थांबला. समितीतल्या एकानं घड्याळ बघितलं. मारोतीनं आणखी टिचभर सोडला आणि परत थांबला. सरांना ओतायची घाई होती, याला कसलीच नव्हती. पंधरावीस मिनिटं तो असाच उभा होता, हात तसूभरही हलला नाही. टक्‌ आवाज काही आला नाही. मग पेला तळाशी गेला, भुंगा बारीक झाला, आणखी बारीक झाला आणि बंद पडला.

बाहेर एक गाय शेपटीनं माश्या हाकत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"तार तुटली नसेल कशावरून?" किशनराव म्हणाले.

प्रश्न बरोबर होता. तार तुटली तरी आवाज असाच बंद पडणार. सरांनी तोंड उघडायच्या आत मारोती म्हणाला, "तुटली असंल तर आवाज परत येनार न्हाई साहेब. काढतो वर. मोजा."

त्यानं पेला झटक्यात वर काढून हवेत धरला आणि सवयीनं मोजायला लागला. एक, दोन, तीन. कापसातून वाफ गळत होती. बाहेरच्या वेटोळ्यात वीज खेळतच होती, पण स्पीकर मुका होता. सात, आठ, नऊ, दहा. कांडी असती तर आत्ता परत बुडवली असती. पंधरा. वीस. सरांनी डोळे मिटले होते. सव्वीसला स्पीकरमध्ये काहीतरी कुजबुजलं. तिसाला भुंगा परत घुमायला लागला आणि बघता बघता खोली भरून टाकली.

किशनरावांनी नाकावरचा रुमाल केव्हा काढला ते त्यांनाही कळलं नाही. "पुन्हा करा," ते म्हणाले.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. पेला शाबूत. "आणखी एकदा, मला आकडे लिहायचेत," किशनराव म्हणाले. मारोतीनं पट्टी घातली, वाफ दिली, रेघ बघितली. पाच बोटं आणि वर एक केस.

"आता न्हाई, साहेब."

"म्हणजे?"

"दोनदाच व्हतंय. हे खाली गेलं तर याचा बैल मरतो." त्यानं शिवप्पाकडं बोट दाखवलं. ज्यांच्या हातात सगळं आहे त्यांना हा माणूस नाही म्हणत होता. पण सरांनीही मान हलवली. "मारोतीराव म्हणतात ते बरोबर आहे सर. तिसऱ्यांदा नको."

किशनरावांनी जारकडं, मग शिवप्पाकडं बघितलं आणि वही मिटली. "ही वाफेत सोडायची पद्धत कुणाची? कुठं वाचली?"

"यांची," सर म्हणाले. "मी दोन पेले फोडले. काल नायट्रोजन सांडला नसता तर आज तिसराही फोडला असता."

"सांडला कसा?"

"माझ्या हातून," मारोती चटकन म्हणाला.

"न्हाई." खोड्याच्या मागून आवाज आला. सरजाबाई पदर सावरत पुढं आली. घसा कोरडा पडल्यामुळं तिचा आवाज फाटत होता. "त्यायच्या हातून न्हाई. मी वल्लं पोतं टाकलं व्हतं. ऊन लागंल म्हनून. चूक माझी हाय, त्यायच्या नावावर लिहू नका."

तिला वाटलं होतं समिती सगळं लिहून नेते आणि नवऱ्याची नोकरी जाते. म्हणून ती उशी उसवून, तीस-चाळीस बाप्यांसमोरून, उन्हातून तिथवर आली होती. मारोतीला हे आत्ता कळलं. किशनरावांनी तिला विचारलं, "बाई, पाणी कुठलं घेतलंत? टँकर तर उद्या आहे म्हणतात."

"माझ्या वाट्याचं," ती म्हणाली.

कडक म्हणून नाव असलेल्या त्या माणसानं दोन्ही हात जोडले. ते तिला जोडले, का मारोतीला, का त्या जारला, हे त्यांनाच ठाऊक.

प्रयोगशाळा मिळाली. मोठी नळी काही झाली नाही, तेवढा पैसा आणि तेवढी माणसं त्या भागात नव्हती. पण सरांच्या हाताखालून जी मुलं गेली त्यांच्यातली काही अशाच कामात लांब लांब पोचली. पेला थंड करायची ती रीत सरांनी शिकवताना कायम मारोती पद्धत या नावानं शिकवली. नांदेडची गाडी चौथ्या दिवशी आली. बंद जारातलं फार हळू उडतं, आणि तोवर मारोतीनं झाकण उघडलंच नाही. पुढच्या साली पाऊस झाला, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शिवप्पाच्या कालवडीला पाडा झाला. पांढरं अंग, काळं तोंड. शिवप्पा तीन कोस चालत आला, पण या खेपेला त्यानं दारातून काही विचारलं नाही, नुसता आत येऊन बसला. मारोती दोन हजार दोन साली निवृत्त झाला तेव्हा त्यानं सरकारकडून एकच गोष्ट मागून घेतली, ती पट्टी.

पण त्या दिवशी समितीची जीप गेल्यावर नवरा-बायको दोघं सायकल हातात धरून घरी आले. घरी आल्यावर मारोतीनं रांजणात तांब्या बुडवला. ते त्याच्या वाट्याचं पाणी होतं, सकाळपासून त्यानं राखलेलं. तांब्या त्यानं तिच्यापुढं धरला.

"तुमी पिलाव का?" तिनं विचारलं.

"पिलो," तो म्हणाला. ओठ तर त्याचेही फुटले होते.

तिनं तांब्या घेतला, अर्धा प्यायली आणि उरलेला अर्धा परत त्याच्यापुढं धरला. मारोतीनं तो घेतला. "काल मी लई वंगाळ बोललो, सरजे," तो म्हणाला आणि मग प्यायला.